सहा फुटी कुंपणावरूनही कोंबड्या उडून जातात, काय करावं? (घणसोली)

पडवीतली | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घणसोली गावठाणात आमचं सासरचं जुनं घर आहे. पुढे अंगण, साधारण वीस बाय तीस फूट. आजेसासूबाई होत्या तोवर अंगण कोंबड्यांशिवाय कधी नव्हतं. त्या गेल्या आणि दहा-बारा वर्षं खुराडं रिकामं पडलं. यंदा पावसाळ्याच्या आधी मी पुन्हा सुरुवात केली. सध्या पाच गावठी, दोन वनराज आणि एक कोंबडा आहे.

अडचण अशी की चार फूट विटांची भिंत, तिच्यावर दोन फूट तारेची जाळी आणि जाळीच्या वरच्या कडेला सलग लोखंडी पाइप एवढं सगळं असूनही दोघी पलीकडे जातातच. एक तांबडी तलंग आहे, पहिलाच मोसम तिचा. दुसरी ठिपक्याची, जरा अंगानं बारीक. वनराज दोन्ही कधी भिंतीच्या वाटेलाही जात नाहीत.

पलीकडे सोसायटीचं पार्किंग आहे. गेल्या आठवड्यात तिथले एक गृहस्थ येऊन सांगून गेले की गाडीच्या बॉनेटवर नखांचे ओरखडे आलेत. नीटच बोलले, पण पुन्हा होता कामा नये म्हणाले, आणि त्यांचं चूक नाही. घरातून सल्ले चालू आहेत. सासरे म्हणतात पंख छाट. दीर म्हणतात उडते तीच आधी कापायची. तांबडीला मी मुठीएवढी असल्यापासून वाढवलंय, कापणार नाही. कुंपण आणखी किती वाढवू? की पंखच छाटावेत? दुखतं का त्यांना?

येऊरपायथा | सोमवार, रात्री १०.१५

सहा फूट गावठीला काहीच नाही. आमच्याकडची एक आंब्याच्या पहिल्या फांदीवर बसायची, ती जमिनीपासून नऊ-दहा फूट असेल. पंख छाटा. एकाच बाजूचा, दोन्ही नाही. दुखत नाही.

खाडीकाठ | सोमवार, रात्री १०.५०

वरून जाळं टाका ताई, विषय संपला. दिवाळे गावात आमच्याकडे डोलीची (मासेमारीची) जुनी जाळी पडून असतात, फाटली की समुद्रात न्यायच्या कामाची राहत नाहीत. तोंडाकडचा भाग मोठ्या आसाचा, म्हणजे मोठ्या भोकांचा असतो, तो घेऊ नका. शेपटाकडचा बारीक आसाचा घ्या, धागाही जाड असतो. वीस बाय तीसला दोन तुकडे जोडावे लागतील. एक मात्र नक्की सांगतो, तंगुसाचं, म्हणजे पारदर्शक नायलॉन धाग्याचं जाळं कुणी फुकट दिलं तरी आणू नका. ते डोळ्याला दिसत नाही. कोंबडीचा पाय अडकतो, साळुंक्या अडकतात, धामण अडकली तर सुटायची धडपड करताना तिची कातडी सोलते. साप अडकलाच तर स्वतः कापायला जाऊ नका, वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

कणीकोंडा | मंगळवार, सकाळी ७.०५

पडवीतली, मी करावे गावची. चाळीस वर्षं कोंबड्या पाळतेय. कात्री नको आणि जाळंही नको, आधी एक सांग. त्या दोघी *कुठल्या वेळेला* उडतात?

कोंबडी उगाच भिंत चढत नाही. तिला तिकडे काहीतरी हवं असतं, किंवा इकडे काहीतरी नको असतं. पहाटे खुराडं उघडल्या उघडल्या गेली तर पोट. सकाळी उन्हं वर आल्यावर गेली तर अंडं. दिवेलागणीला गेली तर झोपायची जागा. आणि वेळ न पाहता दिवसभर कधीही जात असेल तर कोंबडा फार मागे लागतोय, नाहीतर बाकीच्या टोचतायत. तू चार दिवस कागदावर लिही, कोण, किती वाजता, कुठून चढली, परत कधी आली. मग बोलू.

चौथामजला | मंगळवार, सकाळी ११.२०

दुसरी बाजू सांगतो, कारण मी भिंतीपलीकडे राहणारा आहे. (तुमच्या सोसायटीतला नाही, ऐरोलीतला.) आमच्याकडे गावातल्या कोंबड्या बागेत येऊन माती उकरतात. मुलांनी लावलेली झेंडूची रोपं एका सकाळी मुळासकट बाहेर काढली होती. त्यापेक्षा मोठी काळजी म्हणजे पार्किंगमध्ये उंदरांसाठी औषध टाकलेलं असतं. ते कोंबडीनं खाल्लं किंवा औषध खाऊन मेलेला उंदीर टोचला तर ती जाईल, आणि तिची अंडी तुम्ही खाता. हे आम्ही शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. बॉनेटचं ठीक आहे, पण या औषधाचं तुमच्या सोसायटीत विचारून घ्या.

पडवीतली | मंगळवार, दुपारी १.१०

औषधाचं डोक्यातच आलं नव्हतं. आजच वॉचमनना विचारते. कणीकोंडा काकू, आजपासून लिहायला घेतलंय. तांबडी आज साडेआठला गेली.

गोठाखुराडा | मंगळवार, रात्री ९.३०

पशुसंवर्धनात नोकरी झाली, आता निवृत्त आहे, ठाण्यात कोलशेतला असतो. काकूंचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याचं उत्तर येऊ द्या. तोपर्यंत कुंपणाबद्दल आणि पंखांबद्दल सांगतो, कारण दोन्हींबद्दल गैरसमज फार आहेत.

तुमचं कुंपण उंचीला कमी नाही, त्याच्यावरचा पाइप चुकलाय. कोंबडी घारीसारखी भिंत ओलांडून पार जात नाही. तिच्या उराचं मांस पांढरं असतं, ते एका झटक्याला जोर देतं आणि लगेच दमतं. म्हणून ती आधी *वर टेकण्याजोगी जागा* बघते, तिथपर्यंत झेप घेते, तिथे बसते, इकडेतिकडे बघते आणि मग पलीकडे उतरते. तुम्ही तिला सहा फुटांवर सलग दांडी बांधून दिलीय. वरची कड मऊ, हलणारी, डोळ्यांना नीट न दिसणारी असेल तर ती झेपच घेत नाही, कारण टेकायचं कुठे ते तिला कळत नाही. पाइप वेल्ड केलेला असेल तर काढत बसू नका. त्याच्यावर दीड फूट सैल जाळी उभी करा, बांबूच्या कामट्यांवर, आतल्या बाजूला झुकलेली. वरच्या कडेला दोरी किंवा तार ओवू नका, नाहीतर पुन्हा दांडी तयार होईल.

दुसरं, ती चढते कुठून ते बघा. पिंप, लाकडांचा ढीग, पाण्याची टाकी, भिंतीला टेकवलेली शिडी असं काही कुंपणाच्या तीन-चार फुटांत असेल तर तुमचं सहा फुटी कुंपण तिच्यासाठी तीन फुटीच आहे.

वनराज उडत नाहीत यात नवल नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसातल्या पालनासाठी तयार केलेली ती जात अंगानं जड आहे. गावठी हलकी. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, आणि तो रात्र झाडावर काढतो. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही तसाच. गावठीत ती सवय अजून शाबूत आहे.

आता पंख. पिसाला नस नसते, नखाच्या टोकासारखं ते, तेव्हा नीट छाटलं तर दुखत नाही. पण *नीट* म्हणजे काय ते सांगतो. रात्री खुराड्यात दांडीवर बसलेली असताना धरायची, तेव्हा शांत असते. एकानं कोंबडी काखेत घेऊन दोन्ही पाय धरायचे, दुसऱ्यानं एक पंख पंख्यासारखा उघडायचा. टोकाकडची लांब दहा पिसं वेगळी ओळखू येतात, उड्डाणाचा जोर त्यांचा. मुळाशी त्यांच्यावर लहान पिसांची ओळ झाकण घातल्यासारखी असते. त्या ओळीच्या खाली बोटभर सोडून छाटायचं. त्याआधी टॉर्च पंखाच्या मागे धरून प्रत्येक पिसाची दांडी बघायची. पूर्ण वाढलेल्या पिसाची दांडी पांढरट आणि पोकळ असते. निळसर-काळपट दिसली तर आत रक्त आहे, ते पीस कोवळं आहे, त्याला हात लावायचा नाही. चुकून कापलंच तर हळद किंवा कॉर्नफ्लॉवर चिमटीनं दाबून धरायचं, रक्त थांबेपर्यंत सोडायचं नाही.

एकच पंख अशासाठी की झेप घेतली की तोल एका बाजूला जातो. दोन्ही छाटले तर तोल राहतो आणि हलकी कोंबडी तशीही फडफडत चढते. आणि हे कायमचं नाही. साधारण वर्षातून एकदा पिसं गळून नवी येतात, की पुन्हा उडायला मोकळी. पिल्लांची पिसं तर वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा बदलतात, त्यांची छाटणी करण्यात अर्थ नाही.

येऊरपायथा | मंगळवार, रात्री ११.००

काल घाईत लिहिलं, आज पूर्ण लिहितो. छाटल्यानंतरची एक गोष्ट आमच्याकडे घडलीय, ती सांगायला हवी.

तीन वर्षांपूर्वी सहाही कोंबड्यांचे उजवे पंख छाटले. आमचं आवार उघडं, दोन बाजूंना फक्त निवडुंगाचं कुंपण. महिन्याभरात भरदुपारी दोन कुत्री शिरली. मी घरातच होतो. आधी असं व्हायचं तेव्हा सगळ्या क्षणात आंब्यावर असायच्या. त्या दिवशी एक एक करून झेपावत होत्या आणि अंगणातच कलंडत होत्या. मी काठी घेऊन बाहेर पोहोचेपर्यंत तीन गेल्या होत्या. चौथी संध्याकाळी गेली. अजून तो आवाज कानात आहे.

म्हणून आता माझं मत, आवार चारी बाजूंनी बंद असेल तरच छाटा. उघडं असेल तर पंख हाच तिचा एकमेव आसरा आहे. आणि छाटलीत तर खुराड्यातली दांडी खाली आणा, दीड-दोन फुटांवर. उंचावरून तोल जाऊन उतरताना पाय दुखावतात.

आमच्याकडे बिबट्याही फिरतो. दिवस मावळायच्या आत सगळ्या आत आणि कडी लावलेली, यात एक दिवसही चूक नाही.

कणीकोंडा | बुधवार, सकाळी ६.५०

वाचून वाईट वाटलं रे दादा. आमच्या सासूबाई छाटायच्या नाहीत. नवी आणलेली कोंबडी असेल तर पंखाची टोकाची पिसं सुती दोऱ्यानं सैल बांधायच्या आणि आठवड्यानं सोडायच्या. तेवढ्यात ती घर ओळखायची.

नवाखुराडेवाला | बुधवार, दुपारी ३.१५

मध्येच विचारतो, मी कळव्यात टेरेसवर चार कडकनाथ आणायच्या विचारात आहे. त्या उडतात का? मध्य प्रदेशातल्या झाबुआहूनच मागवाव्या लागतात का?

गोठाखुराडा | बुधवार, रात्री ८.४०

कडकनाथ मूळची झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण पिल्लं आता महाराष्ट्रातही मिळतात. अंगानं हलकी, चपळ, चांगली उडते. टेरेसला वरूनही जाळी हवीच, कठड्यावर बसलेली कोंबडी वाऱ्यानं किंवा दचकून खाली गेली तर संपलं. आणि पिल्लं आणताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालीय का ते विचारून घ्या. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, म्हणजे ताईंचा विषय राहील.

पडवीतली | शनिवार, रात्री ९.००

काकू, हे माझं टिपण. जसं लिहिलं तसंच देते.

तांबडी: मंगळवारी साडेआठला गेली. बुधवारी पावणेदहाला. गुरुवारी अकराला. शुक्रवारी साडेबाराला. आज शनिवारी गेलीच नाही, दिवसभर अंगणात होती. प्रत्येक वेळी अर्ध्या-पाऊण तासानं फाटकातून परत, आणि परत येताना मोठ्यानं ओरडत. चढते ती तुळशी वृंदावनावरून. आधी वृंदावनाच्या कट्ट्यावर, मग पाइपवर. कट्टा भिंतीपासून जेमतेम तीन फूट आहे, हे मी इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं.

ठिपक्याची: रोज संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास कोपऱ्यातल्या बदामाच्या झाडावर. भिंतीवरून जातच नाही ती. झाडाची एक फांदी सोसायटीच्या बाजूला गेलीय, रात्रभर तिथे बसते आणि सकाळी चुकीच्या बाजूला उतरते.

कणीकोंडा | शनिवार, रात्री ९.२५

अगो, तांबडी अंडी घालतेय तिकडे! रोज तास-सव्वा तास उशीर, मग एक दिवस खाडा. ही अंड्याचीच चाल आहे. आणि ओरडत येते ते अंडं घातल्याचं ओरडणं. तुला वाटलं असेल अजून अंड्यावर आली नाही.

गोठाखुराडा | शनिवार, रात्री ९.५०

काकूंचं अगदी बरोबर. एक अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस-सव्वीस तास लागतात, म्हणून वेळ रोज पुढे सरकते, आणि फार पुढे गेली की एक दिवस जातो. ताई, तुमच्या खुराड्यात अंडी घालायची जागा कशी आहे?

पडवीतली | शनिवार, रात्री १०.०५

भाजीचा प्लास्टिक क्रेट, दाराशीच ठेवलाय. वनराज त्यातच घालतात. तांबडी अजून लहान आहे असंच मी धरून चालले होते. उद्या वॉचमनना घेऊन शोधते.

पडवीतली | रविवार, सकाळी १०.३०

मिळाली! जनरेटरच्या मागे, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हातभर सांदी आहे. वाळकी पानं साठलेली, अंधार. पानं गोल दाबून वाटीसारखी जागा केली होती आणि तिच्यात नऊ अंडी, सगळी एकाच फिकट बदामी रंगाची. वॉचमन म्हणाले आम्ही आवाज ऐकायचो, पण कुणाची ते कळायचं नाही. मला तिथे उभं राहून भरून आलं. इतके दिवस मी हिला उनाड म्हणत होते.

औषधाबद्दलही विचारलं. त्या बाजूला टाकत नाहीत, पुढच्या गेटकडे टाकतात. ज्यांच्या गाडीवर ओरखडे होते त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. अंडी बघायला त्यांची मुलगीही खाली आली.

ही अंडी खाण्याजोगी आहेत का?

कणीकोंडा | रविवार, सकाळी ११.००

भांड्यात पाणी घेऊन सोड. तळाशी आडवं पडलं ते ताजं. उभं राहिलं तर जुनं, पण फोडून वास बघ. तरंगलं तर टाकून दे.

आता जागा बदल. उघड्यावरचा क्रेट गावठीला चालत नाही, तिला पाठीमागून आडोसा आणि अंधार लागतो. पडवीत जिन्याखाली बांबूची टोपली आडवी ठेव, पेंढा घाल, आत एक खोटं अंडं ठेव. चार-पाच दिवस तिला दुपारपर्यंत बाहेर सोडू नकोस. एकदा तिथे घातलं की तिथेच जाईल. जनरेटरमागची पानं झाडून, तिथे वीट लावून सांदी बुजवून घे, नाहीतर आठवण राहते.

गोठाखुराडा | रविवार, दुपारी १२.१५

ठिपक्याची कळपात सर्वांत खालची असणार. खुराड्यातली दांडी किती लांब आहे?

पडवीतली | रविवार, दुपारी १२.४०

चार फूट.

गोठाखुराडा | रविवार, दुपारी १.००

आठ पक्ष्यांना कमीत कमी सहा-सात फूट हवी, एका पक्ष्याला आठ-दहा इंच धरून. चार फुटांवर जागा पुरत नाही, आणि जी दुबळी तिला बाकीच्या टोचून खाली ढकलतात. ती झाडावर जाते ती नाइलाजानं. दोन इंच रुंदीची, कडा घासून गोल केलेली आणखी एक दांडी त्याच उंचीवर टाका. वरखाली टाकलीत तर वरच्या दांडीसाठी पुन्हा भांडणं. आणि आठवडाभर साडेपाचच्या आत कणी दाखवून सगळ्यांना आत घ्या.

ती बाहेर रात्र काढते हे इतर कारणांसाठीही थांबायला हवं. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला होता ते आठवत असेल. असं झालं की बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागतात. मी अशा कामावर गेलेलो आहे. लोक अंगणातल्या चार कोंबड्या आणून देताना कसे उभे असतात ते पाहिलंय. खाडीजवळच्या झाडांवर बगळे, कावळे बसतात. त्यांच्या विष्ठेखाली आपली कोंबडी रात्रभर नको.

चौथामजला | रविवार, दुपारी ४.३०

मुलगी अंडी बघायला खाली आली हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडच्या शेजाऱ्यांना हा धागा पाठवतोय.

पडवीतली | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ८.५०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

दांडी लगेच टाकली. ठिपक्याची पहिले दोन दिवस तरी झाडाकडे गेली, तिसऱ्या दिवसापासून नव्या दांडीच्या टोकाला बसते. बदामाची पलीकडची फांदी सोसायटीला सांगून छाटून घेतली. तांबडीला पाच दिवस कोंडलं, फार ओरडली, जीव कासावीस झाला माझा. चौथ्या दिवशी टोपलीत अंडं. त्यानंतर एकदाही पलीकडे गेलेली नाही, आणि कुणाचाही पंख छाटलेला नाही. परवापासून ती खुडूक बसलीय, अंग फुलवून, हात नेला की गुरगुरते. खाली ताजी दहा अंडी ठेवलीत.

आता पिल्लं निघतील तेव्हा घारीची भीती, म्हणून टोपलीपुढच्या दहा फुटांवर जाळं हवंय, आणि वृंदावनाजवळ पाइपवरची झुकती जाळीही राहिलीय. खाडीकाठ दादा, बारीक आसाचा एवढा तुकडा मिळेल का? रविवारी दिवाळ्याला येऊ शकते.

खाडीकाठ | गुरुवार, रात्री ९.२०

मिळेल. पंधरा बाय बारा फूट बाजूला काढून ठेवतो. मीठ असतं त्यात, नेल्यावर दोन पाण्यांतून धुऊन उन्हात टाका आणि मगच बांधा. मध्ये एक बांबू उंच ठेवा, पानं साठून झोळ आला की पिल्लांवर येतं. सकाळी दहाच्या आत या, नंतर मी होडीवर असेन.